लाल फूल दिसलं की सगळा पळसच का?

प्रश्न : फेब्रुवारी-मार्च आला की आजूबाजूची झाडं पानं झाडून लाल-केशरी फुलांनी भरतात, पण मला सगळी सारखीच दिसतात. मोबाईलवरचं ॲप एकाच झाडाला आज पळस म्हणतं, उद्या पांगारा. ओळखायला शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : ॲपला फार दोष देऊ नका हो. आपण खालून झूम करून फोटो काढतो, त्यात लाल ठिपक्यांपलीकडे काही नसतंच, मग ते बिचारं अंदाज मारतं. तुम्ही आधी वर बघणं सोडा आणि झाडाखाली पडलेलं ताजं फूल उचला. माझ्या मते फुलं शिकायची ती जमिनीवरच, आणि तोडावंही लागत नाही.

हातातलं फूल चांगलं जाडजूड, पाच पाकळ्यांचं आणि मधे पुंकेसरांचा मोठ्ठा झुबका असेल तर ती सावर, त्यात डोकं खाजवायचं कारणच नाही. कोवळं झाड असेल तर खोडावर शंकूच्या आकाराचे काटेही दिसतील. खरा घोळ पळस आणि पांगाऱ्यात होतो. पळसाच्या फुलाची एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकडी असते, पण मी आधी देठाकडे बघतो, तिथली वाटी काळपट तपकिरी आणि मखमली असते, बोट फिरवून बघा, लगेच कळतं. त्या गडद वाट्यांमुळेच केशरी फुलांचा घोस लांबूनही काळा-केशरी दिसतो. पांगारा लालभडक, त्याची एक पाकळी मोठी आणि केसर बाहेर डोकावणारे, शिवाय फांद्यांवर बारीक काळे काटे, जे पळसाला नसतात.

आता पानाचं. पळसाला पानं तीन हे आपल्याला तोंडपाठ असतं, पण पांगाऱ्यालाही तीनच पर्णिका असतात (दोघंही शेंगवाल्या घराण्यातले), तेव्हा नुसतं पान मोजून चालायचं नाही. सावरीचं पान मात्र पंजासारखं पसरलेलं, पाच ते सात पर्णिकांचं. फुलं असताना पानं बहुतेक नसतातच, म्हणून नंतर त्याच झाडाकडे पुन्हा जा, मग पान दिसेल, पुढे शेंग. पळसाची शेंग चपटी आणि बी एकच, तेही टोकाला. एकच झाड असं वर्षभर बघितलंत ना, की दहा नावं पाठ करण्यापेक्षा जास्त कळतं.

ॲप वापरायचंच तर प्लांटनेटसारख्यात फूल, पान, खोड असे वेगवेगळे फोटो जवळून काढून द्या, बराच फरक पडतो.

प्रश्न : बोगनवेलीच्या फुलात मला केसरच दिसत नाहीत, असं कसं?

उत्तर : कारण तुम्ही बघताय ते फूलच नाही! ती कागदासारखी गुलाबी-जांभळी तीन पानं आहेत, रंग बदललेली. आत बघा, प्रत्येकाला चिकटून एक बारीक नळी असते, टोकाला पांढरट चांदणी उमललेली. ते खरं फूल, आणि केसर त्या नळीच्या आत.

प्रश्न : बहावा आणि सोनमोहर, दोन्ही पिवळेच की!

उत्तर : बहाव्याचे घोस खाली लोंबतात, सोनमोहराचे वर ताठ उभे. फुलं गळून गेली असतील तर शेंगा बघा, बहाव्याची लांब गोल काळी नळकांडी, सोनमोहराची चपटी आणि तांबूस.