नंबर काढण्याआधी काम विचार

मिरज

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. कवठेमहांकाळकडच्या बेदाण्याच्या शेडवर शिबिर घेतलंत, चाळिशीचे चष्मे वाटलेत आणि महिन्याने तू पुन्हा डोकावलास तर एकाही बाईच्या डोळ्यावर चष्मा नव्हता. म्हणून विचारतोस, "मॅडम, फुकटच्या वस्तूची लोकांना किंमतच नसते का? पुण्यातल्या दुकानाची नोकरी धरू का?" नोकरीचं तुझं तू ठरव. घर चालवायचं असतं, त्यात कमीपणा काही नाही. पण त्या पहिल्या प्रश्नाचा मला राग आला. हे वाक्य मी उभी नोकरी ऐकत आले, देणगीदारांकडून, पुढाऱ्यांकडून, आपल्याच खात्यातल्या माणसांकडून. तपासणाऱ्याने अर्धवट काम केलं की खापर फोडायला ते हाताशी असतं.

अरे, ज्या बायका तुटलेली चप्पल तीन वेळा शिवून घालतात, त्या उपयोगाची वस्तू पेटीत टाकून ठेवतील? चष्मा त्यांच्या उपयोगाचा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. तू लिहिलंयस की एक जण म्हणाली, "लावला की गरगरतंय." तिने तुला उत्तर दिलंय. तू ते तक्रार म्हणून लिहून घेतलंस आणि पुढे गेलास.

तिच्या वयाकडे बघून तू अडीचचा चष्मा दिला असशील. चाळिशीला एक, पंचेचाळीसला दीड, पन्नासला दोन, पंचावन्नला अडीच, हा अंदाज आपल्या सगळ्यांच्या तोंडावर असतो. तो वाचणाऱ्या माणसासाठी आहे, पुस्तक डोळ्यांपासून चाळीस सेंटिमीटरवर धरणाऱ्या माणसासाठी. ही बाई बेदाणे सरकत येणाऱ्या पट्ट्यापाशी उभी राहून बेदाण्यातल्या काड्या आणि काळे पडलेले मणी वेचते. तिचे हात डोळ्यांपासून किती लांब असतात, मोजलंस? साठ-पासष्ट सेंटिमीटर सहज भरतील. शंभराला त्या अंतराने भाग, येईल तो चष्म्याचा नंबर. चाळीसला अडीच येतात, पासष्टला जेमतेम दीड. लांबची नजर चांगली असेल आणि डोळ्याची स्वतःची जोर लावायची ताकद संपलेली असेल, तर हा हिशेब सरळ लागतो. पंचेचाळिशीत थोडी ताकद शिल्लक असते, ती वजा धर. अडीचच्या चष्म्यातून तिला पट्टा पुसटच दिसणार. स्पष्ट दिसावं म्हणून ती वाकणार, दुपारपर्यंत कंबर धरणार, आणि मान वर करून मुकादमाकडे बघितलं की सगळं गरगरणार. मीही तो चष्मा काढून ठेवला असता.

म्हणून सांगते, नंबर काढण्याआधी काम विचार. तिचं नाव लिहिलंस की लगेच विचार, दिवसभर हाताने काय करता?

नुसतं विचारूनही भागत नाही. "शेतात जाते" असं उत्तर येतं आणि त्यात काहीही मावतं. करून दाखवायला लाव. मी शिबिराला जाताना पिशवीत शिंप्याची टेप, सुई-दोरा आणि मूठभर बेदाणे ठेवत असे. स्टीलच्या ताटात बेदाणे पसरायचे, ताट तिच्या पट्ट्याच्या उंचीवर धरायचं, भिंगं बदलता येतात ती ट्रायल फ्रेम घालून तिला काड्या वेचायला सांगायचं. सव्वाची भिंगं घालायची, मग दीडची, मग पावणेदोनची. कुठल्या भिंगाला तिची बोटं थांबत नाहीत, ते बघायचं. ती तोंडाने "बरं दिसतंय" प्रत्येक भिंगाला म्हणेल, कारण तुला वाईट वाटू नये म्हणून ती तसं म्हणते. बोटं मात्र खरं सांगतात. टेप डोळ्याच्या कोपऱ्यापासून बोटांपर्यंत लाव आणि तो आकडा केसपेपरवर नंबराच्या शेजारी लिही.

इथे मिरजेत सितारमेकरांच्या गल्लीत उलटी गत. जवारी काढताना, म्हणजे सूर खुलावा म्हणून तारांखालची घोडी घासताना, कारागीर तिच्यावर पार ओणवा होतो, डोळा आणि कानस यांत तीस सेंटिमीटरसुद्धा अंतर नसतं. त्याला तीनच्या वरचं भिंग लागतं. विट्याच्या मागावर तुटलेला धागा सांधणाऱ्याचं अंतर आणखी वेगळं. तिघंही पंचावन्नचे असले तरी चष्मे तीन.

आणि एक गोष्ट, ज्यावर माझा आवाज अजूनही चढतो. केसपेपरवर शिक्षणाच्या रकान्यात "निरक्षर" लिहिलं की आपली माणसं जवळची नजर तपासतच नाहीत. वाचत नाही, मग जवळचा चष्मा कशाला? ती तांदूळ निवडत नाही? गोधडी शिवत नाही? नातवाच्या पायातला काटा काढत नाही? ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईला रात्री खोपीत मोबाइलच्या उजेडात सुई ओवायची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात जवळचं दिसत नाही आणि चष्माही मिळालेला नाही अशी माणसं ८२ कोटी ६० लाख आहेत. त्यातली कितीतरी अशाच रकान्यापाशी अडली असतील. आसामात चहाच्या मळ्यातल्या चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचे चष्मे दिले, तेव्हा त्यांची पानखुडणी चष्मा नसलेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पानं खुडायला अक्षर ओळख लागत नाही. काम विचार, शिक्षण नंतर विचार.

काम विचारायचं म्हणजे डोळा बघायचा सोडायचा असं नाही, हे तुला सांगायला नको. पिनहोलमधून, म्हणजे बारीक भोकाच्या चकतीतून बघूनही नजर सुधारली नाही तर भिंगं बदलत बसू नकोस. मोतीबिंदू असेल, पडद्याचं काही असेल, तिला पुढे पाठव. उसाच्या पात्याने डोळा कापलेला दिसला तर त्याच दिवशी पाठव. तिथे बुरशी धरली की बुबुळ जातं.

आता तू म्हणशील, एवढं करायचं तर एका माणसाला पंधरा मिनिटं लागतात. लागतात. म्हणून मी दिवसाला तिसाच्या वर माणसं तपासायला कधी तयार झाले नाही. त्यावरून मला हट्टी म्हणाले, संथ म्हणाले. एका गावात फलकावर आधीच "पाचशे चष्मे वाटप" छापून झालं होतं आणि दुपारी संयोजक म्हणाले, बाई, वयावरून देऊन टाका. मी नाही म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांनी बोलावलं नाही, दुसऱ्या कुणालाही बोलावलं नाही. त्या गावातल्या बायका तशाच राहिल्या, ही बोच माझ्या मनातून गेलेली नाही. थोडं नमतं घेतलं असतं तर? रात्री हा प्रश्न येतो. पण पाचशे चष्मे पेट्यांत गेले असते आणि पुढच्या माणसाला त्या गावाने सांगितलं असतं, चष्म्याने गरगरतंय, नको आम्हाला. मी बरोबरच होते. तुला पटवते आहे की स्वतःला, कोण जाणे, पण मी बरोबरच होते.

तुझं मन उदास झालंय, ते मला कळतं. परत जाऊन बघितलंस, हेच मुळात किती जण करतात? बघायला गेलास म्हणून तर दुखलं. त्या दुखण्यावर रुसून बसू नकोस, आणि त्या बायकांवर तर अजिबात नको.

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की शेडवर कुणाला मान वर करायला फुरसत नसते, त्याच्या आत जा. मालकाला आधी फोन कर, जेवणाची सुट्टी किती वाजता ते विचार. दिलेले चष्मे सोबत आणायला सांग. तेच चष्मे गावातल्या वाचणाऱ्यांना, हिशेब लिहिणाऱ्यांना नजर तपासून देता येतील. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे निघाले तर तयार चष्मा देऊ नकोस, करून घे. आणि देणगीदार विचारतील तेव्हा त्यांना दोन आणि अडीचची खोकी नेहमीसारखी पाठवू देऊ नकोस. सव्वा आणि दीडची जास्त मागव. का, असं विचारलं तर त्यांनाही ताटभर बेदाणे निवडायला बसव.

पट्ट्याची उंची आणि बायकांची अंतरं मोजलीस की मला फोनवर सांग. यादी आपण दोघं बसून करू.

तुझी,
मॅडम