थेंबभर तीर्थानं काय होतंय?

प्रश्न : डॉक्टरबाई, नातू 14 महिन्यांचा आहे. आईच्या दुधावर छान वाढत होता. आठव्या महिन्यात मी दूधभात भरवला तर तोंडाभोवती लालेलाल झालं. मला वाटलं पित्त उठलं. आमसुलाचं पाणी लावलं, तासाभरात बसलं. पुढं पाडव्याला बोटभर श्रीखंड चाटवलं. पंधरा मिनिटांत अंगभर गांधी, दोन उलट्या आणि खोकल्याची ढास. डॉक्टरांनी दुधाची अ‍ॅलर्जी सांगितली. तेव्हापासून सूनबाई मला त्याच्या ताटाजवळ फिरकू देत नाही. तो अजून तिच्या अंगावर पितो म्हणून तिनं स्वतःचा चहासुद्धा सोडलाय. आमच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत हो! शेळीचं दूध चालेल का? देशी गाईचं ए-टू? निदान तूप? अंडी-मासे आमच्यात चालतात.
— एक आजी, करवीर तालुका

उत्तर : ताई, आधी एक कबुली. वीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडं वास्तुशांत होती. माझ्या भाच्याला दूध चालत नाही हे मला ठाऊक होतं, आणि तेव्हा मी बालरोगतज्ज्ञ होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी सगळ्यांच्या हातावर पंचामृत पडताना त्याच्या हातावरही पडलं, ते माझ्याच पळीनं. वहिनी "अहो, नको" म्हणाली, तर मी म्हणाले, "थेंबभर तीर्थानं काय होतंय?" दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले आणि छाती वाजायला लागली. पूजेतल्या डॉक्टरकडं, म्हणजे माझ्याकडं, साडी होती, इंजेक्शन नव्हतं. रिक्षानं दवाखाना गाठला, पोरगं वाचलं. तेव्हा सूनबाईवर रागावू नका. या घरात सध्या तीच बरोबर आहे.

हे पित्त नाही आणि "दूध पचत नाही" असंही नाही. नातवाचं शरीर दुधातल्या प्रथिनांना शत्रू समजतं. श्रीखंडासाठी तुम्ही चक्का बांधता, तेव्हा फडक्यात जे उरतं त्यात मुख्यतः केसीन असतं आणि खाली जे हिरवट पाणी गळतं त्यात व्हे प्रथिनं. मुलाला यातल्या एकाची किंवा दोन्हींची अ‍ॅलर्जी असू शकते. म्हणजे बोटभर श्रीखंड हे नुसतं बोटभर दूध नव्हतं, पाणी गाळून घट्ट केलेलं केसीन होतं. खरवसाचं तर नावच नको, चिकात प्रथिनं साध्या दुधाच्या कितीतरी पट.

म्हणूनच म्हैस, शेळी, देशी गाय, काहीच चालणार नाही. ही प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या दहातल्या नऊ मुलांना शेळीचंही बाधतं. ए-वन आणि ए-टूमधला फरक बीटा-केसीन या प्रथिनाच्या लांबलचक साखळीतल्या एका कडीपुरता आहे. बाकी सगळं तेच, फक्त बाटली महाग. दूध चांगलं उकळलं, आटवलं तरी केसीन जात नाही.

तुपाचं तुम्ही स्वतःच ताडून बघा. लोणी कढवलं की तळाशी बेरी बसते ना, साखर घालून मुलं खातात ती? ती बेरी म्हणजे दुधाची प्रथिनंच. तूप गाळलं तरी तिचा अंश वर राहतो. ज्या मुलाला गांधीसोबत उलटी आणि खोकला आलाय, त्याच्या वरणभातावर सध्या शेंगदाण्याचं तेल घाला. (शेंगदाणा त्यानं याआधी खाल्लेला असेल तरच!)

सूनबाईला मात्र चहा पिऊ द्या. एवढे महिने ती दूधदुभतं खात होती आणि अंगावर पिऊन बाळाला काही झालं नाही, तेव्हा तिनं पथ्य करायची गरज नाही. ज्या बाळांना आईच्या दुधातूनच त्रास होतो, शौचाला रक्त पडतं, त्यांची गोष्ट वेगळी. अंगावरचं पाजणं आवर्जून चालू ठेवा.

वाढीचं म्हणाल, तर प्रथिनांची काळजी अंडी, मासे, डाळी घेतील. अडचण कॅल्शियमची आहे. या वयाला दिवसाला 500 मिलिग्रॅम लागतं. नाचणीचं कौतुक मीही करते, पण 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या वाटीतल्या 30 ग्रॅम पिठात शंभरेक. तीळकूट घाला, पालेभाज्या द्या, तरी औषधाची बाटली लागेल का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, ड जीवनसत्त्वासकट. नारळाचं दूध सोलकढीला उत्तम, पण त्याच्या भरवशावर मूल वाढत नाही.

पाकीटबंद खाण्यावर दुधाचा उल्लेख अ‍ॅलर्जीच्या सूचनेत करणं 2020च्या नियमांनी बंधनकारक आहे. घटकांत केसीनेट, व्हे पावडर, मिल्क सॉलिड्स दिसलं की पाकीट परत फळीवर. खरा धोका सुट्या मालाचा. बेकरीतली खारी, टोस्ट, लोणी लावलेला पाव, सत्यनारायणाचा शिरा, कोजागरीला मसाला दूध ढवळलेला डाव तसाच आमटीत. यातलं कशावरच काही छापलेलं नसतं.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. चुकून पोटात गेलंच आणि नुसत्या गांधी उठल्या, तर डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅलर्जीचं औषध द्या आणि लक्ष ठेवा. पण श्वास वाजला, आवाज बसला, पोर मलूल झालं किंवा गांधीसोबत उलट्या-खोकला सुरू झाला, तर आमसूल नाही, सिरपही नाही. अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, आणि तडक दवाखाना. त्याला आडवं ठेवा. दम लागत असेल तर मांडीवर बसवा, चालवू नका. बरं वाटलं तरी काही तास तिथंच थांबा, त्रास उलटून येऊ शकतो. श्रीखंडाच्या वेळी हे इंजेक्शन लागलं असतं, असं मी म्हणेन. ते घरी ठेवायचं का, किती द्यायचं आणि कसं टोचायचं हे सूनबाईसोबत तुम्हीही शिकून घ्या. घरी दिवसभर तुम्हीच असता.

बहुतेक मुलांची ही अ‍ॅलर्जी वाढत्या वयात जाते, पुष्कळांची पाच वर्षांच्या आत. पुष्कळांना केक-बिस्किटांत भाजलेलं दूध आधी चालायला लागतं. पण "आता बघू या का?" हा प्रयोग घरी नाही, दवाखान्यात आणि डॉक्टरांसमोर. तोवर म्हशींचं दूध डेअरीला घाला.

प्रश्न : वय 42, बँकेत नोकरी. ग्लासभर दूध किंवा बासुंदी घेतली की पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात. दही चालतं. हजारो रुपये भरून रक्ताची फूड पॅनेल टेस्ट केली, त्यात दूध, गहू आणि वांगं लाल आलंय. सगळं सोडू का?
— ठाणे

उत्तर : वांग्याला उगाच शिक्षा नको. या पॅनेलमध्ये बहुधा आयजीजी ही रक्तातली प्रतिपिंडं मोजतात. ते तुम्ही काय खाता एवढंच सांगतं, त्यावरून अ‍ॅलर्जी ठरत नाही. दुधाची अ‍ॅलर्जी चाळिशीत नव्यानं सुरू होणं फारच विरळा. तुमचं लक्षण लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचण्याचं दिसतं. ती साखर फोडणारं लॅक्टेज हे पाचकद्रव्य लहानपणानंतर कमी होत जातं, जगातल्या साधारण दोन-तृतीयांश प्रौढांचं असंच आहे. दह्यातले जंतू ती साखर थोडी आधीच फस्त करतात, म्हणून दही चालतं. जेवणासोबत अर्धा कप दूध घेऊन बघा, बहुतेकांना तेवढं सोसतं. वजन घटत असेल, शौचाला रक्त असेल तर मात्र पोटाच्या डॉक्टरांकडं जा.

लॅक्टोज-फ्री दूध तुम्हाला चालेल. वरच्या आजींनी मात्र ते नातवासाठी आणू नये. त्यातली फक्त साखर फोडलेली असते, प्रथिनं जशीच्या तशी असतात.