मुलाला राजकारणात जायचे आहे, त्याला कसे अडवू?

केज तालुक्यातील एका शेतकरी वडिलांनी लिहिले आहे : "मुलगा अंबाजोगाईला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय २०. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सोडून तो एका पुढाऱ्यामागे फिरतो, राजकारणातच जायचे म्हणतो. प्रामाणिक माणूस तिथे टिकत नाही. त्याला समजावून सांगा."

सप्रेम नमस्कार.

आपली काळजी रास्त आहे. तरीही मुलाची इच्छा चुकीची आहे, असे मी त्याला सांगणार नाही. सरळ माणसांनी राजकारणाकडे पाठ फिरवली, म्हणून टँकरच्या खेपा, रोजगार हमीच्या विहिरी आणि घरकुलाच्या याद्या यांचे निर्णय थांबत नाहीत. ते दुसरेच कोणी घेतात आणि आपण सोसतो. मुलगा ज्या अंबाजोगाईत शिकतो, तिथेच स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक होते आणि तिथूनच ते हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिलढ्यात उतरले. १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हणण्यासाठी उस्मानिया विद्यापीठातून काढले जाणे पत्करणारे विद्यार्थीही आपल्या मुलाच्याच वयाचे होते.

माझा आक्षेप त्याने धरलेल्या वाटेवर आहे. वाढदिवसाचे फलक लावणे आणि सभेच्या सतरंज्या उचलणे म्हणजेच राजकारणाची सुरुवात, असा समज आपल्याकडे पक्का झाला आहे. महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका १९९०च्या दशकात बंद झाल्यापासून मुलांना हे शिकण्याची दुसरी जागा फारशी उरली नाही, हेही खरे. परंतु ज्याच्या गाडीचे पेट्रोल दुसऱ्याच्या खिशातून येते, त्याला त्या माणसाची चूक तोंडावर सांगता येत नाही. या वाटेने गेलेली आणि तिशीत हाती ना पदवी, ना पद, ना उत्पन्न अशी मुले माझ्याकडे येतात, तेव्हा फार वाईट वाटते.

म्हणून त्याने आधी पदवी पूर्ण करावी आणि नंतर प्रवेश परीक्षा देऊन कायद्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करावा, असे मला वाटते. वकिलीने पोट भरते, आणि जमिनीच्या, भरपाईच्या, दाखल्यांच्या अडचणी घेऊन येणारी माणसे जोडली जातात. स्पर्धा परीक्षेसाठी वाचलेली राज्यघटनाही वाया जाणार नाही.

राजकारण मात्र त्याने आजच गावात सुरू करावे. गावच्या यादीतला मतदार म्हणून तो ग्रामसभेचा सदस्य आहेच. त्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि योजनांचे लाभार्थी तिथे ठरायचे असतात, जरी अनेक गावांत रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या जात असल्या तरी. त्याने ग्रामपंचायतीचा वर्षभराचा जमाखर्च मागून घ्यावा. तो मिळाला नाही, तर १० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. कागदावरचा रस्ता आणि जागेवरचा रस्ता त्याने स्वतः मोजून पाहावा, वस्तीवरच्या ज्या बायका टँकरमागे धावतात त्यांच्याशी बोलावे, आणि मगच सभेत प्रश्न विचारावा. पुढच्या वर्षी २१ पूर्ण झाल्यावर तो ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू शकेल. विधानसभेसाठी २५ वर्षांची अट आहे, तोवर त्याचे कायद्याचे शिक्षणही संपलेले असेल.

असे प्रश्न विचारल्यावर भावकीत कुरबुर होईल, कदाचित आपल्यावरही दबाव येईल. त्या वेळी 'गप्प बस' हे शब्द घरातून येऊ नयेत, एवढी माझी आपल्याला विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेला आपण दोघेही सोबत जा आणि तिथे काय घडले ते मला जरूर कळवा.