टाळूतली भूल : दाढ मोजू नका, चाचपा

प्रश्न : मी बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टाळूत भूल देण्यासाठी ग्रेटर पॅलटाइन फोरामेन (टाळूच्या हाडातलं मज्जातंतू बाहेर पडायचं छिद्र) शोधताना गोंधळ होतो. एक पुस्तक ते दुसऱ्या दाढेजवळ सांगतं, दुसरं अक्कलदाढेसमोर. कवटीवर त्याच्या मागे आणखी बारीक छिद्रंही दिसतात. धरायचं कुठलं? आणि काही रुग्णांना भुलेनंतर उमासे का येतात?
— एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. प्रौढांत हे छिद्र बहुधा अक्कलदाढेसमोर असतं, काहींत दुसऱ्या-तिसऱ्या दाढेच्या मध्ये. लहान मुलांत त्याहून पुढे. शिवाय पहिली दाढ कधीच काढलेली आणि मागच्या पुढे सरकलेल्या, असं तोंड समोर आलं की दाढांचा हिशेब कोलमडलाच.

म्हणून चाचपा. टाळूची सपाटी दातांकडच्या उताराला मिळते त्या घळीत, पहिल्या दाढेपाशी कापसाची काडी टेकवा आणि दाबत मागे न्या. मध्यरेषेपासून साधारण 15 मिमीवर ती किंचित बुडेल. तिथेच दाबून धरा. जागा पांढरी पडली की 27 गेजची सुई छिद्राच्या जराशी पुढे टोचा. मज्जातंतू बाहेर पडून पुढेच जातो, त्यामुळे छिद्रात शिरायची गरज नसते. सहसा 10 मिमीच्या आतच हाड लागतं. शेजारून धमनी जाते, तेव्हा ॲस्पिरेट केल्याशिवाय (दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का ते पाहिल्याशिवाय) औषध सोडू नका. अर्धा मिली पुरे, तोही अर्धा मिनिट घेऊन. इथलं आवरण हाडाला घट्ट चिकटलेलं असतं. औषध रेटलं की रुग्ण कळवळतो, आणि औषधातलं ॲड्रिनलिन जास्त झालं तर पुढे तिथे जखम पडू शकते.

मागची बारीक छिद्रं म्हणजे लेसर (lesser, धाकटी) पॅलटाइन. त्यांतले तंतू मऊ टाळूला जातात. सुई फार मागे गेली किंवा औषध जास्त झालं की मऊ टाळू बधिर होऊन उमासे येतात. भूल उतरली की थांबतात, हे रुग्णाला आधीच सांगा. तोवर शेवभाजीचा कढत रस्सा नको. पोळलेलं कळणार नाही.

या भुलेनं दाढ स्वतः बधिर होत नाही, गालाकडची वेगळी द्यावीच लागते. सुळ्याजवळची टाळू जागी राहिली तर कारण पुढचं इन्सायझिव्ह फोरामेन, म्हणजे पटाशीच्या दातांमागचं छिद्र. तिथला तंतू या भागात मिसळतो.

तेच छिद्र एक्स-रेत पटाशीच्या दातांच्या मुळांपाशी काळं दिसतं आणि गळू समजून चांगल्या दाताचं रूट कॅनाल होतं. लॅमिना ड्युरा (मुळाभोवतीची पांढरी रेघ) अखंड आहे का पाहा, एक्स-रेची ट्यूब बाजूला सरकवून दुसरा एक्स-रे घ्या (छिद्र असेल तर डाग मुळापासून सरकतो), थंड लावून दात जिवंत आहे का तपासा. डाग 6 मिमीपर्यंत असेल तर सहसा काळजी नाही. 10 मिमीच्या पुढे गेला तर सिस्टची (द्रव भरलेल्या पिशवीची) तपासणी करा.