‘मॅडम, धुळीनं पोराचं डोकं मंदावलं का?’

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झाल्यापासून चिपळूण-संगमेश्वर पट्ट्यातल्या आया मला हेच विचारतात. त्यातलीच ही एक, ओळख लपवून सांगते. मुलगा साडेतीन वर्षांचा, बोलणं मोजकं.

"पोटुशी असताना चुलीपुढेच असायचे मॅडम. मीच केलं हे."

काळजी खोटी नव्हती, म्हणून मी ती उडवून लावली नाही. अडीच मायक्रोमीटरहून बारीक कण फुप्फुसातून रक्तात उतरू शकतात, आणि मूल वजनाच्या मानानं आपल्यापेक्षा जास्त हवा ओढतं. मग बार्सिलोनाचा अभ्यास सांगितला. २०१२-१३ मध्ये तिथल्या ३९ प्राथमिक शाळांत मुलांची, गोष्ट डोक्यात धरून काम करायची स्मरणशक्ती वर्षभर मोजली. स्वच्छ हवेच्या शाळांत ती ११.५ टक्क्यांनी वाढली, प्रदूषित शाळांत ७.४ टक्क्यांनी.

ती बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तिथंही वाढलीच ना?"

हे तिचं तिला सापडलं, याचं मला आजही समाधान आहे. मी सांगितलं असतं तर नुसती समजूत घातल्यासारखं झालं असतं.

त्यानंतर घरातलं मोकळेपणी निघालं. धूळ नको म्हणून सहा महिने सगळ्या खिडक्या बंद. त्याच बंद घरात न्हाणीतल्या चुलीचा धूर, रात्री डासांची कॉइल. पोराच्या हाती मोबाइल.

"तू बोलतेस का त्याच्याशी?"

"तोंड बघवत नाही त्याचं. रडू येतं."

अपराधीपणानं आईच मुकी झाली होती. माझी श्रद्धा नात्यावर आहे. कुणीतरी डोळ्यांत बघून उत्तर देतं, तेव्हा मूल बोलायला शिकतं.

तिला जे सांगितलं, तेच सगळ्या आयांना सांगते: बोलणं मागे वाटलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कान तपासून घ्याच. सतत सर्दी असलेल्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, ऐकू कमी येतं. पाणी तापवायची चूल परसात हलवा. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा, लादी ओल्या फडक्यानं पुसा, रस्त्याकडची खिडकी बंद ठेवून परसाकडची उघडा. भाजावळीच्या, म्हणजे शेतात पालापाचोळा जाळण्याच्या दिवसांत मुलाला शेताजवळ नेऊ नका. भाकरी थापताना त्याच्याशी बोला, आणि उत्तरासाठी थांबा.

तिनं आधी चूल हलवली. कानात पाणी निघालं, उपचार सुरू झाले. चौथ्या भेटीला मुलगा माझ्या खिडकीशी उभा होता.

"आई, डंपर."

ती त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली. "कुठं चाललाय रे तो?"