रोजच्या वापराचं पहिलं घड्याळ

पहिल्या पगारातून घड्याळ घेतोयस, छान. पण डायलच्या रंगावर भाळण्याआधी घड्याळ उलटं कर आणि मागचं झाकण वाच. तिथे पाणी किती सोसतं त्याचा आकडा असतो. तो ३० मीटर असेल तर ते पोहायला चालतं असं समजू नकोस; हात धुताना उडालेले शिंतोडे सोसतं, एवढंच. माझं पहिलं घड्याळ तसलंच होतं. जुलैत स्टेशनवरून भिजत घरी आलो तर काचेच्या आतून वाफ धरलेली, आणि काही दिवसांत काट्यांच्या बुडाशी तांबूस गंज. आपल्या पावसात किमान ५० मीटर हवंच, पोहणार असशील तर १००.

मग काच. साध्या मिनरल काचेवर चरे पडतातच, कारण धुळीत गारगोटीचे कण असतात. त्यांची कठिणता मोह्‌स मोजपट्टीवर ७, काचेपेक्षा जास्त. सफायर, म्हणजे कृत्रिम नीलमाची काच, ९ वर आहे. खिशाला परवडलं तर सफायरच घे. फक्त दगडी ओट्यावर आपटू नकोस, तडकते.

मशीन क्वार्ट्झचं, म्हणजे सेलवर चालणारं घे. सेल दोन-तीन वर्षं चालतो, वेळही ते नीट राखतं. ऑटोमॅटिकचा, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळाचा मोह नंतर.

आकार दुकानात मनगटावर ठेवूनच ठरव. पट्टा अडकवायची टोकं मनगटाबाहेर आली तर ते तुला मोठं. बारीक मनगटाला ३६ ते ३८ मिलिमीटर फार देखणं दिसतं. पट्ट्याची रुंदी २० किंवा १८ असेल तर हवे तेवढे पट्टे मिळतात. पावसाळ्यात नायलॉनचा लाव. चामड्याचा लग्नकार्यासाठी ठेव, रोजच्या घामाने तो कडक होतो आणि वास मारतो.