इंडिजिनसला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की ९ ऑगस्टच्या कार्यक्रमाचं पोस्टर मराठीत करायचंय, इंग्रजीत इंडिजिनस हिस्टरी अँड कल्चर होतं, मशीनने त्याचं 'स्वदेशी इतिहास व संस्कृती' करून दिलं आणि ते खटकतंय.

खटकायलाच हवं. स्वदेशी म्हटलं की खादी, विदेशी कपड्यांची होळी नाहीतर एखादं क्षेपणास्त्र आठवतं, माणसं नाही आठवत. नुसतं देशी लिहिलंत तर गाय तरी दिसेल नाहीतर बाटली :) आणि इंडिजिनसचा इंडियाशी काही संबंध नाही बरं का, नुसतं ऐकायला सारखं वाटतं. मूळ लॅटिन इंदिगेना, म्हणजे तिथेच जन्मलेला, त्यातला 'गेन' आपल्या जन, जन्म वगैरेंचा भाऊबंद.

मी बिनधास्त आदिवासी लिहीन. तसंही या दिवसाला मराठीत 'जागतिक आदिवासी दिन' हेच नाव रुळलंय (युनोने तो १९९४ मध्ये जाहीर केला, तारीख युनोच्या आदिवासींवरच्या कार्यगटाच्या १९८२ मधल्या पहिल्या बैठकीची). कागदोपत्री शब्द 'अनुसूचित जमाती', पण तो फॉर्म भरायचा शब्द आहे, पोस्टरवर कोरडा वाटतो. वनवासी मात्र मला पटत नाही, एक तर तो नुसता पत्ता सांगतो, तिथले मूळचे कोण ते सांगतच नाही, आणि मराठीत वनवास म्हणजे १४ वर्षांची शिक्षा! जयपालसिंग मुंडा, तेच १९२८ च्या ऑलिंपिकमधले हॉकीचे कॅप्टन, संविधान सभेत याच मुद्द्यावर भांडले होते, भाषांतरात 'बनजाति' कशाला, आदिवासी का नाही म्हणून. मूलनिवासी शब्दाचा अर्थ जवळचा आहे पण आपल्याकडे तो चळवळीत बऱ्याच मोठ्या समूहासाठी वापरतात, त्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ होईल.

तरी आदिवासी हा शेवटी मोठा डबाच. कार्यक्रम कोणाबद्दल आहे ते माहीत असेल तर सरळ कातकरी, कोरकू, कोलाम असं नाव लिहा. कातकरी नावातच खैराच्या झाडापासून कात काढायचा धंदा आहे, म्हणजे नावातच थोडा इतिहास आला. वारलीचं उलटंच झालंय, बाजारात तो कुर्त्यावरच्या डिझाइनचा शब्द झालाय, ते जमातीचं नाव आहे हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. लग्नात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जे काढतात तो चौक, त्यात पालघट देवी, आणि लग्नाची गाणी म्हणून विधी करणारी बाई ती धवलेरी. हे शब्द आहेत तसेच ठेवा, धवलेरीचं 'महिला पुरोहित' करून टाकू नका प्लीज.

भारताबाहेरच्यांबद्दल लिहितानाही हेच. न्यूझीलंडचे माओरी स्वतःला तांगाता फेनुआ म्हणतात, भूमीची माणसं, आणि फेनुआ म्हणजे जमीनही आणि बाळाची वारही, वार जमिनीत पुरायची रीत आहे त्यांच्यात. आता याला 'स्थानिक रहिवासी' म्हटलं तर काय उरलं त्यात?

तर पोस्टरवर: 'आपल्या भागातले आदिवासी: इतिहास आणि संस्कृती'. आणि कडेला वारल्यांचा तो गोल फिरणारा नाच काढणार असाल तर मधल्या माणसाच्या हातात तारपा असतो, फुंकून वाजवायचं वाद्य, भोपळ्याचं, फुगीर. मी एका पत्रिकेवर तिथे चक्क तुतारी बघितलीय.